बटण सोडा, बाबा!

हात हलवला की पडद्यावरचा हिरो हलतो. ऐकायला जाम भारी. पण असे काही गेम्स घरभर कल्ला करतात आणि काही दहा मिनिटांत डोक्याला शॉट देतात. फरक नेमका कुठे पडतो? चिपमध्ये, टीव्हीत, की आपल्याच हातात? एका घरगुती बोलिंग मॅचपासून सुरू झालेला हा शोध...

२००८ ची दिवाळी. न्यू जर्सीचा दादा तीन वर्षांनी घरी आला होता. बॅगेतून चॉकलेटं निघाली, परफ्यूम निघाले, आईसाठी नॉनस्टिक पॅन निघाला आणि सगळ्यात शेवटी टॉवेलात गुंडाळलेला एक पांढरा डबा. निन्टेन्डो 'वी'! डबा अमेरिकन व्होल्टेजचा, त्यामुळे लॅमिंग्टन रोडवरून कन्व्हर्टर आला. ठाण्याच्या आमच्या वन बीएचकेतला टीपॉय गॅलरीत गेला. आईच्या अटीनुसार पंखा बंद झाला. आणि दादाने रिमोट कुणाच्या हातात द्यावा? बाबांच्या!

बाबा त्याच वर्षी बँकेतून रिटायर झाले होते. व्हिडिओ गेमशी त्यांचा संबंध एवढाच, की माझ्या दहावीच्या वर्षी त्यांनी माझा गेम कपाटात टाकून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली होती. त्यात उजवा खांदा धरलेला. फ्रोझन शोल्डर. फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायामाचा कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली शांतपणे पिवळा पडत होता.

"बाबा, बोलिंग आहे. सोप्पंय. खालचं बटण दाबून धरा, हात मागे न्या, पुढे आणा आणि सोडा."

"काय सोडू?"

"बटण, बाबा! रिमोट नाही!"

पहिला बॉल मागे पडला. म्हणजे पडद्यावर, मागे उभ्या असलेल्या पब्लिकमध्ये. ती सगळी चिमुकली मंडळी दचकून टुणकन उडाली आणि आमच्यासकट बाबाही खो-खो हसले. चौथ्या बॉलला आठ पिना गेल्या. रात्री दहा वाजता बाबांनी स्ट्राइक मारला आणि सांगलीच्या काकांना फोन लावून तो सांगितलासुद्धा!

आता दुसरा सीन. साधारण दोन वर्षांनी घरी एक नवा गेम आला. नाव घेत नाही. हातात काहीच धरायचं नाही, कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. सुरू करायला दोन्ही हात डोक्याच्या वर. बाबांचा डावा हात गेला. उजवा खांद्यापर्यंत जाऊन थांबला. पडद्यावर तीच सूचना पुन्हा आली. बाबांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तीच सूचना. तिसऱ्या वेळी बाबा खुर्चीत बसले. म्हणाले, "मला नाही जमत गं हे. तुम्ही खेळा."

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर ऐरोलीच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे ते वाक्य डोक्यातून जाईना. बोलिंगमध्ये चुकले तेव्हा बाबा हसले होते. इथे ओशाळले. खांदा तर तोच होता. मग बदललं काय?

पॅडची भीती, रिमोटची सवय

हाताच्या हालचालीवर गेम खेळायची आयडिया काही 'वी'ची नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत 'पॉवर ग्लव्ह' नावाचा हातमोजा आला होता. दिसायला एकदम सायन्स फिक्शन, पण नीट चालायचा नाही आणि खास त्याच्यासाठी बनलेले गेम्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. २००३ मध्ये सोनीने 'आयटॉय' आणला. टीव्हीवर ठेवायचा साधा कॅमेरा. त्याला फक्त 'इथे काहीतरी हललं' एवढंच समजायचं. पण गेम बनवणारे हुशार! त्यांनी एका गेममध्ये चक्क पडद्यावरच्या काचा पुसायला लावल्या. काच पुसायला 'काहीतरी हललं' एवढं समजलं तरी पुरतं. यंत्राला जेवढं कळतं तेवढंच त्याच्याकडून मागायचं, हा या धंद्यातला पहिला फंडा.

निन्टेन्डोचं निरीक्षण वेगळंच होतं. तेव्हाचे प्रेसिडेंट सातोरू इवाता आणि मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांच्या टीमच्या लक्षात आलं, की गेमचं पॅड टेबलावर पडलेलं असलं तर घरातले बाकीचे लोक त्याला हातही लावत नाहीत. इतकी बटणं बघूनच टेन्शन! पण टीव्हीचा रिमोट? तो सगळेच उचलतात. आजोबासुद्धा. म्हणून त्यांनी कंट्रोलरलाच रिमोटचं रूप दिलं. २००५ च्या टोकियो गेम शोमध्ये इवातांनी तो दाखवला तेव्हा भले भले चक्रावले. नोव्हेंबर २००६ मध्ये 'वी' बाजारात आला आणि अखेरपर्यंत १० कोटी १६ लाखांच्या वर विकला गेला. त्याच्यासोबतचा 'वी स्पोर्ट्स' सव्वाआठ कोटींहून जास्त घरांत पोहोचला.

टीव्हीही फुटले म्हणा! उत्साहाच्या भरात लोकांच्या हातून रिमोट सुटायला लागले. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने मनगटाची दोरी जाड केली आणि सुमारे ३२ लाख जुन्या दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी रिमोटला रबरी जाकीट आलं. डिझाइन म्हणजे फक्त पडद्यावरची नक्षी नाही, माणूस रंगात आल्यावर काय काय करेल याचा विचारही त्यातच येतो.

चिपला काय कळतं?

इथे थोडं टेक्निकल, पण घाबरू नका.

'वी'च्या रिमोटमध्ये ॲक्सिलरोमीटर नावाची चिमुकली चिप होती. गाडीची टक्कर झाली हे ओळखून एअरबॅग उघडायला लावते, तिचीच चुलत बहीण. तिला दोनच गोष्टी कळतात: झटका किती बसला आणि जमीन कुठल्या बाजूला आहे. त्यातही गोची अशी, की या दोन गोष्टी तिला वेगळ्या करता येत नाहीत. पटत नसेल तर फोन आडवा धरून चालवायचा कार रेसिंगचा गेम लोकलमध्ये खेळून बघा. मोटरमनने ब्रेक मारला की तुमची गाडी आपोआप भरकटते. चिपला वाटतं, फोनच कलला! बेडवर लोळून खेळताना तर गाडी सरळ जातच नाही. चांगला गेम सुरुवातीलाच 'तू जसा फोन धरलायस तेच सरळ' असं मानून चालतो. वाईट गेम म्हणतो, आधी ताठ बस.

आणखी एक गंमत. रिमोट टेबलावर सपाट ठेवून घड्याळाच्या काट्यासारखा सावकाश फिरवला तर या चिपला पत्ताही लागत नाही. मग पडद्यावर नेम कसा धरायचा? त्यासाठी टीव्हीखाली ती सुप्रसिद्ध 'सेन्सर बार' होती, जिच्यात सेन्सर नावालाही नव्हता! नुसते डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे. बघायचं काम रिमोटच्या तोंडातला छोटा कॅमेरा करायचा. त्यामुळे पट्टी बिघडली तर लोक टीव्हीसमोर अंतर ठेवून दोन मेणबत्त्या लावायचे आणि खुशाल खेळायचे. मेणबत्तीच्या ज्योतीतूनही इन्फ्रारेड निघतं. दिवाळीत पणत्यांवर बोट ठेवून 'हा आमचा सेन्सर बार' असं म्हणायला हरकत नाही.

हात नेमका किती वळला हे कळायला जायरोस्कोप लागतो. तो २००९ मध्ये 'मोशनप्लस' नावाच्या वेगळ्या जोडणीतून आला. वर्षभरात तो आयफोन ४ मध्येही होता आणि आज बहुतेक चांगल्या फोन्समध्ये असतो. जायरो वळणं झकास मोजतो, पण त्याची चूक हळूहळू साठत जाते. वेळ थोडी मागे पडणारं घड्याळ असतं ना, तसं. म्हणून अधूनमधून 'मधे आण' करायची सोय ठेवावी लागते. ही सोय एका बटणावर आहे की चार मेन्यू खोल आहे, यावरून गेम बनवणाऱ्याची जात ओळखावी.

पाय कोण हलवतं?

आता 'वी स्पोर्ट्स'चं टेनिस आठवा. कोर्टवर धावायचं कसं? बटण नाही, काही नाही. खेळाडू स्वतःच धावत जाऊन बॉलपाशी पोहोचतो. तुमचं काम एकच: योग्य क्षणी हात फिरवायचा. लवकर फिरवला तर बॉल एका बाजूला, उशिरा फिरवला तर दुसऱ्या बाजूला. बस्स!

कुणी म्हणेल, हे तर अर्धं टेनिस झालं. बरोबर. पण ते मजेचं अर्धं आहे. धावणं टीव्हीसमोर आठ फुटांत जमणारच नव्हतं. म्हणून ते यंत्राकडे दिलं आणि जे आठ फुटांत खरंखुरं वाटतं, ते माणसाकडे ठेवलं. मला विचाराल तर सगळ्या मोशन कंट्रोलचं सार या वाटणीत आहे. शरीराने काय करायचं आणि यंत्राने काय सांभाळून घ्यायचं?

बोलिंगमध्ये ही वाटणी आणखी सुंदर जमली. बोलिंगची हालचाल सगळ्यांना न शिकवता येते. आपण लहानपणी गोट्या, भोवरे, बॉल सगळं फेकलेलं असतं. हात मागे जातो, पुढे येतो आणि बोटं सुटतात. बटण सोडणं म्हणजे बॉल सोडणं. तुमच्या हातातली कृती आणि पडद्यावरची घटना एकाच क्षणी, एकाच अर्थाची. शिवाय खांद्याच्या वर हात न्यायची गरज नाही. आणि चूक झाली तर? शिट्टी नाही, लाल फुली नाही. पब्लिक दचकून उडतं. चूक कशी झाली ते कळतं, वर हसूही येतं. बटण हात मागे असतानाच सुटलं, हे बाबांना कुणी सांगावं लागलं नाही.

गोल्फमध्ये एक छोटी पण लाखमोलाची सोय होती. 'ए' बटण दाबलं नाही तर कितीही वेळा स्टिक फिरवा, तो सराव. बॉल हलणार नाही. बटण दाबलं, की मग खरा शॉट. माणूस हातात काहीही आलं की आधी उगीच हलवून बघतो. त्याचा दंड लावायचा नाही, हे ज्याला सुचलं त्याला सलाम!

बटणाचं काम बटणालाच द्या

'वी' हिट झाल्यावर जे व्हायचं तेच झालं. जो तो उठला आणि गेममध्ये 'हलवा' घालू लागला. दार उघडायला हलवा, उडी मारायला हलवा, उगाच हलवा! इंग्रजीत याला 'वॅगल' असं चेष्टेचं नावच पडलं. बाटलीतलं औषध ढवळल्यासारखा रिमोट हलवायचा आणि हिरोने तलवार चालवली असं मानायचं.

हलवणं मुळात वाईट नाही. 'सुपर मारिओ गॅलेक्सी'मध्ये (२००७) रिमोट झटकला की मारिओ गिरकी घेतो. कसाही झटका, कुठल्याही दिशेने झटका, गिरकी मिळते. एक हालचाल, एक अर्थ. आता याच्या शेजारी 'डाँकी काँग कंट्री रिटर्न्स' (२०१०) ठेवा. गेम एरवी सॉलिड. पण उभं राहून हलवलं तर काँग जमीन बडवतो, बसून हलवलं तर फुंकर मारतो आणि पळताना हलवलं तर गडगडत जातो. कड्याच्या टोकावर जीव मुठीत धरून तुम्ही हलवलं आणि गेमच्या मते तुम्ही त्या क्षणी पळत होता... की गेला बिचारा खाली! २०१३ मध्ये तोच गेम छोट्या ३डीएसवर आला तेव्हा ही कामं बटणांवर सोपवली गेली आणि खेळणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

प्लेस्टेशन ३ वरच्या 'लेअर'चंही (२००७) तेच. ड्रॅगनवर बसून उडायचं आणि दिशा फक्त कंट्रोलर कलवून द्यायची. लोक वैतागले. पुढच्या वर्षी काठीने उडवायचा पर्याय अपडेटमधून द्यावा लागला. म्हणजे हालचाल घालण्याआधी विचारायचा प्रश्न साधा आहे. हे बटणाने जास्त चांगलं होतं का? उत्तर 'हो' असेल, तर हात शांत राहू द्या.

आणखी एक क्लासिक घोळ म्हणजे परतीचा हात. तुम्ही उजवीकडून डावीकडे वार केलात. आता पुढच्या वारासाठी हात परत उजवीकडे न्यायलाच हवा. पण चिपला काय माहीत, ही तयारी आहे की दुसरा वार? घाईघाईत बनवलेल्या गेम्समध्ये तुमचा हिरो म्हणूनच वेड्यासारखा दोन्हीकडे तलवार फिरवत सुटतो. यावर उपाय आहेत. एका वारानंतर क्षणभर दुर्लक्ष करायचं, झटका ठरावीक जोराचा असेल तरच मोजायचा किंवा शेकडो लोकांकडून तोच वार करून घेऊन यंत्राला 'वार' आणि 'परत येणं' यातला फरक शिकवायचा. 'वी'च्या काळात एआयलाइव्ह कंपनीचं 'लाइव्हमूव्ह' हे टूल असंच उदाहरणांवरून शिकायचं. पण शिकवायला घेतलेले सगळे लोक ऑफिसातली पंचविशीची धडधाकट पोरं असतील, तर यंत्रही तेवढंच शिकणार. बाबांचा वार त्याला ओळखू येणार नाही.

तलवार अडते, हात अडत नाही

मोशन गेम म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तलवारबाजी येते. आणि तिथेच जास्तीत जास्त पोपट होतो. कारण सोपं आहे. पडद्यावर तुमची तलवार शत्रूच्या ढालीवर खण्णकन आपटते आणि थांबते. तुमच्या हातात मात्र फक्त हवा असते. हात पुढे निघून जातो. आता खरं काय मानायचं? पडदा की हात? मेंदू गोंधळतो आणि मजा गेली.

'द लेजेंड ऑफ झेल्डा: स्कायवर्ड स्वॉर्ड'ने (२०११) यावर डोकं लावलं. तिथे तलवार नुसती फिरवून भागत नाही. काही शत्रूंचं तोंड आडवं उघडतं, काहींचं उभं. ज्या दिशेने उघडलं, त्याच दिशेने कापायचं. म्हणजे गेम जोराचा राहिला नाही, बघून ठरवायचा झाला. पण हे फार अचूक वाचन मागत होतं. ज्यांचं जमलं ते आजही त्याच्या प्रेमात आहेत, ज्यांचं नाही ते आजही शिव्या घालतात. २०२१ च्या नव्या आवृत्तीत तलवार काठीनेही चालवता येते. हवं ते घ्या.

आणि मग आला 'बीट सेबर'. २०१८ मध्ये प्रागच्या एका छोट्या टीमने आणलेला व्हीआर गेम. गाण्याच्या तालावर ठोकळे अंगावर येतात आणि दोन्ही हातांतल्या प्रकाशाच्या तलवारींनी ते कापायचे. प्रकाशाची तलवार अडतच नाही! ठोकळ्यातून आरपार जाते, हातही आरपार जातो, हातात बारीकशी थरथर होते आणि मेंदू खूश. हात अडवता येत नाही ना? मग अडणारं काही ठेवूच नका.

त्याची मार्कांची पद्धत तर टेस्टर म्हणून मला फारच आवडली. एका ठोकळ्याला जास्तीत जास्त ११५ मार्क. त्यातले ७० कापण्याआधी हात किती लांबून आणला याचे, ३० कापल्यानंतर हात किती पुढे नेला याचे आणि फक्त १५ अगदी मधोमध कापण्याचे. म्हणजे मनगट टिचकवून ठोकळा कापला जाईल, पण मार्क मिळायचे नाहीत. मोठा, मोकळा, नाचरा हात फिरवला की स्कोअर वर. खेळणारा मस्त दिसावा, हे गणितातच घालून ठेवलंय. 'वी'च्या टेनिसमध्ये चार दिवसांत पोरांना कळलं होतं, की सोफ्यावर पडूनही मनगटाच्या झटक्याने जिंकता येतं. बीट सेबरने ती पळवाट जबरदस्तीने बंद केली नाही. ती फक्त महाग केली.

आरसा की मास्तर?

नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'किनेक्ट' आणला. हातात काहीच नाही, तुम्हीच कंट्रोलर! पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकले गेले आणि गिनेस बुकात नोंद झाली. इतक्या वेगाने विकलेलं घरगुती इलेक्ट्रॉनिक यंत्र तोवर झालं नव्हतं. आणि २०१७ मध्ये त्याचं उत्पादन बंदही झालं. मधे काय झालं?

एक तर जागा. कॅमेऱ्यापासून सहा-एक फूट लांब उभं राहायचं आणि आजूबाजूला मोकळं हवं. आमच्याकडे सहा फुटांवर दिवाण आणि त्यामागे थेट स्वयंपाकघर. दुसरं म्हणजे उशीर. तुम्ही हात हलवल्यापासून पडद्यावर हलेपर्यंत सेकंदाचा दहावा हिस्सा, कधी त्याहून जास्त वेळ जायचा. ऐकायला किरकोळ आहे. पण टाळी वाजवल्यावर आवाज तेवढा उशिरा आला तर कसं वाटेल? पडद्यावरचा माणूस तुमचा आरसा असेल तर हा उशीर सतत खुपतो. २०१२ च्या 'स्टील बटालियन: हेवी आर्मर'मध्ये तर रणगाड्यासारख्या यंत्रात बसून हवेतल्या हवेत दांडे ओढायचे आणि झाकणं लावायची होती. लढाईच्या ऐन मोक्याला गेम भलताच हात वाचायचा. समीक्षकांनी धू धू धुतला.

पण त्याच किनेक्टवर 'डान्स सेंट्रल' (२०१०) सुपरहिट झाला. कसा काय? नीट बघा. पडद्यावरची नाचणारी मुलगी तुमची नक्कल करतच नाही! ती तिची ती नाचते. तुम्ही तिची नक्कल करायची. आरसा नाही, डान्सचा मास्तर. त्यामुळे यंत्राला थोडा उशीर झाला तरी तुम्हाला दिसतच नाही. ते मागून गुपचूप मार्क देत बसतं. तुमचा हात चुकला तर तिचा तोच हात लाल होतो. कुठे चुकलं ते समजलं, नाच थांबला नाही, चारचौघांत फजिती नाही. यंत्राची उणीव लपवायची तर ती झाकून उपयोग नाही. जिथे ती आड येणारच नाही, असा खेळ शोधावा लागतो.

खालच्या मजल्यावरचे काका

बंगल्यात राहणाऱ्यांनी बनवलेले गेम्स फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना लगेच ओळखू येतात. म्हणून २०१९ चा 'रिंग फिट ॲडव्हेंचर' मला घरचा वाटला. हातात दाबायची-ताणायची एक रिंग, मांडीला पट्टा आणि जागच्या जागी धावत राक्षसांशी लढाई. पण रात्री अकराला ऑफिसातून येऊन धावायला लागलं तर खालचे काका झाडू घेऊन छत ठोकणार! गेममध्ये यासाठी 'सायलेंट मोड' आहे. धावण्याऐवजी गुडघे वाकवून हलके स्क्वॉट्स केले की हिरो धावतो. जपानी फ्लॅट आणि ठाण्याचा फ्लॅट यांचं दुःख एकच असावं!

'स्प्लाटून'मधली (२०१५) सोय पण अशीच शहाणी. मोठं वळण काठीने घ्यायचं आणि बारीक नेम कंट्रोलर किंचित कलवून साधायचा. एका बटणाने नेम परत मधे येतो. हात मांडीवर ठेवून तासभर खेळता येतं, खांदा भरून येत नाही. आणि नाही आवडलं, तर कलवण्याची भानगड सेटिंग्जमध्ये जाऊन बंद. शरीराला छोटं आणि नेमकं काम दिलं तर ते जास्त वेळ टिकतं.

चौकट: गेम घेताय? आधी पाच मिनिटांची टेस्ट

१. गेम घरातल्या सगळ्यात कमी 'टेक्नो' माणसाच्या हातात द्या आणि तोंड बंद ठेवून बघा. तुम्हाला किती वेळा 'अगं तसं नाही' म्हणावंसं वाटलं?

२. मुद्दाम चूक करा. काय चुकलं ते गेम सांगतो, की नुसतंच 'पुन्हा करा' म्हणतो?

३. एक वार करून हात आरामात परत आणा. गेमने तो दुसरा वार मोजला का?

४. खुर्चीत बसून, एकाच हाताने, डाव्या हाताने खेळून बघा. जमतं का? नाही तर सेटिंग्जमध्ये दुसरा पर्याय आहे का?

५. पाच मिनिटांनी खांदा काय म्हणतो?

आणि हो, मनगटाची दोरी बांधा. पंखाही बंद करा.

यूझर एरर

आमच्या ऑफिसात एक शब्द फार लाडका आहे. 'यूझर एरर'. बग रिपोर्ट आला, की डेव्हलपर आधी तो शब्द टाकून बघतो. म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर आहे, वापरणारा चुकला. मीही नवीन असताना असे किती बग त्या एका शब्दावर बंद केले असतील देव जाणे. आता करत नाही. आता मला त्या शब्दामागे खुर्चीत बसलेले बाबा दिसतात.

साध्या सॉफ्टवेअरमध्ये माणूस चुकला तर त्याची बोटं चुकतात. मोशन गेममध्ये चुकतं ते अख्खं शरीर, तेही घरच्यांसमोर. म्हणून तिथे 'पुन्हा करा' हे दोन शब्द जास्त लागतात. हात वर जात नसलेल्या माणसाला हात वर करायला सांगणं ही त्या माणसाची एरर नव्हे. कुणीतरी कुठल्या तरी मीटिंगमध्ये 'मेन्यूला काय ठेवूया?' असं विचारलं असणार आणि कुणीतरी उत्साहाने दोन्ही हात वर केले असणार. त्या खोलीत खांदा धरलेलं कुणीच नव्हतं, एवढंच.

बाबांचा खांदा पुढे बरा झाला. श्रेय फिजिओथेरपिस्टचं, औषधांचं आणि वेळेचं. बोलिंगने बरा झाला असं मी म्हणणार नाही. पण फ्रिजवरचा तो कागद त्यांनी ज्या आठवड्यात काढून वाचला, तो त्या स्ट्राइकच्या नंतरचाच होता.

मागच्या दिवाळीत दादा पुन्हा आला होता. बाबा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. दादाचा मुलगा सात वर्षांचा, हातात सतत टॅब. 'वी'चा तो पांढरा डबा माळ्यावरून निघाला, कन्व्हर्टर निघाला, दोन्ही चक्क चालू झाले. टीपॉय गॅलरीत गेला, पंखा बंद झाला. पोराने रिमोट हातात घेतला, हात जोरात मागे नेला आणि बॉल सरळ मागच्या पब्लिकमध्ये!

बाबा सोफ्यावरून ओरडले, "अरे, हात पुढे आल्यावर... मग बटण सोड!"